पत्र्याच्या होडीचा टप

पंचवटी, नाशिक
कोजागिरी होऊन तिसरा दिवस

प्रिय सोमा,

पत्र मैना वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगतो. पोरी, मधल्या ओळी गाळू नको आणि बापाच्या तोंडाकडं बघत थांबू नको, सरळ वाचत जा. अक्षर सातवी पास माणसाचं हाय, अडलं तर पुढं जा. आता सोमा, तुझ्याशी. तब्येत कशी, जेवण जातं का, हे मी विचारत नाय. ते मैना फोनवर सांगते. संगमनेरला गेल्यापासून तू भिंतीकडं तोंड करून पडतोस, हातापायाचा व्यायाम घेणारी बाई आली की डोळे मिटून घेतोस, तेपण सांगते. मला तुझ्याशी होडीचं बोलायचंय. फोन तुझ्या कानाला लावला की मला नुसता तुझा श्वास ऐकू येतो आणि माझं बोलणं बंद पडतं. म्हणून कागद घेतला.

रोहितनं तुला सांगितलं नसंल. धरणाकाठी एक नवं रिसॉर्ट झालंय, त्यांना दारात ठेवायला जुनी होडी पाह्यजे. तिच्यात माती भरून फुलझाडं लावायची म्हणे. पोरगं वाईट नाय तुझं. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करतं आणि सुट्टीच्या दिवशी होडी बघायला जातं, तळाला गंज दिसला की त्याचं तोंड उतरतं. मला म्हणला, काका, आप्पा आता पाण्यावर जात नाय, काठावर सडण्यापरीस कुठंतरी रंग लावून नीट राहील. मी म्हणलं, रंग लावल्यावर मढंपण नीट दिसतं. पाडव्यापर्यंत थांब म्हणलं. कशाला, तर मी तिला सावलीला कापडी टप शिवतोय. हसला तो. म्हणला, आप्पांनी एवढी वर्षं मागितला तेव्हा नाय शिवला तुम्ही. शेवटी कबूल झाला, पण म्हणला, आप्पांनी स्वतः सांगितलं, मानेनं का होईना, की होडी द्यायची नाय, तर नाय देणार. कोणी काय विचारलं तरी ते मान हलवत नाय, मग मी कोणाचं ऐकू? तर अशी गोष्ट हाय. पाडव्याला तुझी होडी पाण्यात तरी असंल, नायतर तिच्यात शेवंती असंल.

टप शिवायला कशी सुरुवात केली ते ऐक, तुला हसू येईल. द्वारका चौकातल्या दुकानात अडतीस वर्षं मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. मुंबईकडं जाणारा कांद्याचा ट्रक बघितला की शिवण कोणाची हे मी लांबून सांगायचो. मग होडीचं काय एवढं? चौदा फुटी पत्र्याची होडी, एका ट्रकच्या निम्मीसुद्धा नाय. मशीन सहा वर्षं पोत्याखाली होती. तेल घातलं, पट्टा बदलला, बसलो. आणि सुईत दोरा जाईना. डोळा बारीक करून बघतो तर दोन सुया दिसतात. सून, म्हणजे आपली उज्वला, बाजूला कोणाचं तरी ब्लाऊज शिवत होती. ती म्हणली, आबा, एकदम टपाला हात घालू नका, आधी काहीतरी बारकं शिवा, हात बसू द्या. मला आला राग. अडतीस वर्षं आणि ही मला पहिलीत बसवते. पण ती खाली गेल्यावर गुपचूप वल्ह्याला एक खोळ शिवली. ती अशी वाकडी आली की वल्हं आत जाताना मोडेल असं वाटलं. ती उसवली, दुसरी शिवली. तिसरी जरा बरी आली. दोऱ्याला मेण ओढताना बोटांना आपोआप आठवलं, डोक्याला नाय आठवलं. तू जाळं विणताना बोलायचास ना, हाताला बोलू द्यावं, आपण गप बसावं. तसंच.

मग केली मोठी चूक. उज्वलानं मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला. तो होडीवर कापड टाकतो, खडूनं रेघ मारतो, मागं सरकून बघतो, पुन्हा पुसतो. अर्धा तास झाला तरी कात्री नाय उचलली. मी म्हणलं, हा कापड शिवतोय का त्याची पूजा करतोय. बंद कर. दुकानातली जुनी ताडपत्री काढली, डिझेलचा आणि मेणाचा वास येणारी, आणि ट्रकला करतो तसं केलं. दोन तुकडे, पुढचा मागच्यावर हातभर चढवलेला, कडेनं पितळी रिंगा, दोरी खेचून आवळलेली. ट्रकला असंच करतात. गाडी पुढं पळते, वारा समोरून येतो, पुढचं कापड मागच्याला दाबून धरतं. काठावरच्या फुलशेतीवाल्या गोरक्षनं त्याच्या रोपवाटिकेतले वाकवलेले पाईप दिले, त्यांच्या कमानी होडीत बसवल्या आणि वर टप आवळला. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. गोरक्ष म्हणला, भिमाकाका, टप मजबूत हाय, आता यात कांदे भरा.

चूक काय ते तुला कळलं असंल. तुझी खोड मी चाळीस वर्षं बघतोय. सगळे होडीचं नाक काठाला लावतात, तू शेपूट लावतोस, सकाळी वळवायची कटकट नको म्हणून. मीपण तशीच बांधली होती, हाताला तीच सवय. आणि त्या काठाला वारा जमिनीवरून येतो, म्हणजे शेपटाकडून. संध्याकाळी चार-साडेचारला वारा उठला, मागून आत शिरला, वरच्या कापडाची कड उचलली आणि ट्रकची ताडपत्री फुगून ढेरी झाली. दोरी जुनी. एकदा कचकन वाजली, आणि होडी निघाली.

सोमा, मी ओरडायला पाह्यजे होतं. गोरक्ष हाकेच्या अंतरावर फुलं तोडत होता. पण मी ओरडलो नाय, उंबराच्या मुळावर बसून बघत राहिलो. एवढी शहाण्यासारखी चालली होती ती. नाक समोर, कोणी वल्हवत नाय, आत कोणी नाय, वर माझं मळकं कापड छातीत वारा भरून घेतलेलं. ऊन तिरपं झालं होतं, पाणी पितळेच्या परातीसारखं. ती जिथून गेली तिथं खाली आपली शाळेची वाट हाय. धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा आपण चौथीत होतो, आठवतं का, एका सोमवारी वाटेच्या निम्म्यावर पाणी आलेलं आणि तू म्हणलास आज सुट्टी. मला वाटलं, होडी त्याच वाटेनं चाललीय. आता वडाच्या वळणाला वळेल, आता विहिरीपाशी थांबेल. आणि खरंच, जिथं विहीर होती तिथं वारा जरा पडला आणि ती गोल फिरली, सावकाश, कोणी पाणी प्यायला वाकावं तशी. मग पुन्हा निघाली. किती वेळ गेला सांगता येत नाय. पलीकडच्या काठाला ती तांदळाएवढी दिसायला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण उठायला पाह्यजे, आणि पाय मुंग्या येऊन झोपलेत.

दुसऱ्या दिवशी उज्वलानं स्कूटरवर बसवून सगळा वळसा घालून पलीकडं नेलं. तिथं एक लंकाबाई म्हणून म्हातारी हाय, शेळ्या राखते. तिनं होडी बाभळीला बांधून ठेवली होती. मला बघून म्हणली, हे लगीनघर तुमचं का? मांडव आला, नवरा-नवरी कुठं हायेत? मी म्हणलं, बाई, टप शिवायला चुकला. ती कापड चिमटीत धरून बघत म्हणली, शिवायला नाय चुकला, शिवण चांगली हाय, ज्याच्यावर घातला ते काय हाय हे इसरला. वर उज्वलाला म्हणली, सासरा हाय का, बरं हाय, ऐकतो तरी. मी कधी कोणाचं ऐकलंय? पण तिनं चहा दिला, मी प्यालो आणि कप विसळून ठेवला.

मग मात्र उज्वलाच्या हाताखाली काम केलं. कोणाला सांगू नको. तिनं दोन जुन्या चादरी आणल्या, पाईपांच्या कमानीवर पसरल्या आणि टाचण्या लावत सुटली. मी म्हणलं, टेप घे, लांबी-रुंदी लिही, संपलं. ती म्हणली, आबा, ट्रक चौकोनी असतो, होडीला छाती हाय, कंबर हाय. आणि बोलून गेल्यावर लाजून टाचणी तोंडात धरून बसली. पण बरोबर बोलली. जिथं चादरीला झोल पडत होता तिथं तिनं ब्लाऊजला घालतात तशी चिमट घेतली, आणि कापड असं बसलं की मी बघतच राहिलो. झोल राहिला की पावसाचं पाणी साचतं, साचलं की पोट धरतं, पोट धरलं की फाटतं, हे ट्रकवर मी शंभरदा बघितलंय, पण झोल आम्ही दोरी खेचून काढायचो. कापून काढता येतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग चादरी सोडवल्या, जमिनीवर पसरल्या, त्यावरून कापड बेतलं. कडेला चार बोटं जास्त, दुमडायला. जिथं पाईपावर घासणार तिथं आतून दुहेरी पट्टी. आडवा जोड कुठंच नाय, वारा शेपटाकडून येऊ दे नायतर नाकाकडून. कापायच्या आधी मी तीनदा मागं सरकून बघितलं. उज्वलानं तो गोऱ्याचा व्हिडिओ लावून मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि भाजी निवडायला गेली.

कापड यावेळी नवीन घेतलं, मातकट पांढरं. हिरवं बघितलं होतं, पण हिरव्याखाली बसलेला माणूस आजारी दिसतो. हे मला कसं कळलं तर आयुष्यात पहिल्यांदा मी कापडाच्या खालून विचार केला. ट्रकच्या ताडपत्रीखाली कांदे बसतात रे, साखर बसते, सिमेंट बसतं. त्यांना उजेड नको, वारा नको, त्यांना काय वाटतं हे कोणी विचारत नाय. अडतीस वर्षं मी वरूनच बघितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टप बसवला आणि सकाळी एकटाच आत जाऊन बसलो. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मग ऊन आलं. सोमा, पाण्यावरचं ऊन खालून वर येतं, हे तुला ठाऊक असंल, मला नव्हतं. टपाच्या आतल्या बाजूला ते हलत राहतं, जाळीसारखं, कोणीतरी वर बसून सावकाश विणतंय आणि सोडतंय असं. पत्रा गार होता. पाणी तळाला चाटत होतं. मी पाच मिनिटं बसायचं म्हणून बसलो आणि डोळा लागला. स्वप्न पडलं की झोपलोच नव्हतो, सांगता येत नाय, पण आपण दोघं शाळेत चाललो होतो, पाणी गुडघ्याएवढं, पाटी डोक्यावर, आणि तू पुढून म्हणत होतास, भिम्या, चल की, घाबरतोस काय. जागा झालो तेव्हा ऊन पार वर आलं होतं आणि अंगावर एक टिपूससुद्धा ऊन नव्हतं. तेवढी सावली पडते. बरोबर तेवढीच.

आता जे लिहायचं ते लिहितो. टप मी तुझ्यासाठी शिवलाय, होडीसाठी नाय. मधली फळी काढली, तिथं गादी बसते. कमानी खाली घेतल्या, कारण बसलेल्या माणसाला जास्त उंची लागते आणि पडलेल्याला कमी. तुझी लांबी मला ठाऊक हाय, मोजायला नाय लागली. कडेला उजव्या बाजूला कापड गुंडाळून वर बांधता येतं, तुला ज्या कुशीवर जमतं तिकडून पाणी दिसावं म्हणून. मैनानं सांगितलं ती कूस. मी हे सगळं करून गप बसलो असतो. रोहितला गाडी घेऊन पाठवलं असतं, तुला आणून आत झोपवलं असतं, आणि सगळे म्हणले असते, बघा, भिमाकाकांनी काय केलं दोस्तासाठी. ते मला सहन झालं नसतं. मे महिन्यात त्या दिवशी मी काठावर उंबराखाली डबा खात होतो, तू होडीतून जाळं ओढत होतास. दर उन्हाळ्यात तू दुपारी तळहात डोक्यावर धरून मला दाखवायचास, सावली कधी, आणि मी दोन्ही हात रिकामे करून दाखवायचो. त्या दिवशीपण तू हात डोक्याला लावलास. मी हात रिकामे करून दाखवले आणि हसलो. तू पुन्हा हात उचललास, निम्मा, तो खाली पडला. मला वाटलं, चिडलास. मी भाकरी खाल्ली, सगळी, वर पाणी प्यालो. गोरक्ष ओरडत आला तेव्हा उठलो. डॉक्टर म्हणला लकवा उन्हानं नाय झाला, बीपीनं झाला. असंल. पण पहिला अर्धा तास लय मोलाचा असतो, हेपण तोच रोहितला म्हणला, आणि तो अर्धा तास मी भाकरी खाल्ली. हे मी कोणाला सांगितलं नाय. दवाखान्यात आलो होतो, तुझ्या दारापर्यंत, आणि परत गेलो. रोहितला ठाऊक नाय, मैनाला आत्ता वाचताना कळतंय. हे न सांगता तुला माझ्या कापडाखाली झोपवायचं नाय, म्हणून हे पत्र. आता तुला दोन गोष्टींना मान हलवायची हाय, वेगवेगळी. पहिली, होडी द्यायची का नाय. त्याचा माझ्याशी काय संबंध नाय, होडी तुझी हाय, माझ्यावरच्या रागानं तिच्यात शेवंती लावू नको. दुसरी, मी तिथं असावं का नसावं. नको म्हणलास तर वल्ह्यावर गोरक्ष बसेल, पायाशी मैना बसेल, आणि मी घरी थांबेन. कापड तेवढं माझं असंल, ते चालवून घे. दोन्हीची वाट बघतो, पण पहिलीचं उत्तर आधी कळव, पाडवा जवळ आलाय.

तुझाच,
भिमा